पहिला इंच नसलेला टेप

मी एक टेप. शिलाईचा, पिवळा, साठ इंचांचा. खरं बोलायचं तर एकोणसाठ. पहिला इंच कधीच झिजून गळून पडला आणि तेव्हापासून मी थेट एकाच्या आकड्यापासूनच सुरू होतो. सांगलीत, विश्रामबागेत, चंदनबालाबाईंच्या गळ्यात मी नऊ वर्षं लोंबत होतो. माणसं मी फार जवळून पाहिली आहेत आणि त्यांच्याबद्दल माझं मत काही चांगलं नाही. माप देताना पोट आत ओढतात आणि ब्लाउज घट्ट झाला की शिवणारीला बोलतात.

पण त्याहून मला चीड आहे ती एका वाक्याची. चंदनबालाबाई ते दर गिऱ्हाइकाला हसत ऐकवतात. "मला गणित अजिबात येत न्हाई बघा. दहावीला त्यातच उडाले." सांगताना चेहरा असा खुलतो, जणू त्याबद्दल बक्षीसच मिळालं होतं.

आणि हात काय करत असतात? माझ्यावर सदतीस दिसले की बाई छत्तीस लिहितात, कारण माझा एक इंच नाही. छत्तिसाचा चौथा भाग नऊ, शिलाईला दोन, झाले अकरा. कापडावर खूण करताना तो गेलेला इंच परत मिळवून खडू बारावर. हे सगळं तोंडात टाचण्या धरून, शेजारणीच्या गप्पांना मान डोलावत. याला गणित म्हणतात हे त्यांना कोणी सांगितलं नाही आणि त्यांनीही कधी विचारलं नाही.

मी सांगतोय ती गोष्ट घडली तेव्हा त्यांची मुलगी ब्राह्मी आठवीत होती. तिला शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसायचं होतं. शाळेतल्या बाईंनी फॉर्म दिला होता; सोमवारी पालकांची सही घेऊन जायचं होतं. रविवारी सकाळी ती मशीनशेजारी फरशीवर सराव करत बसली. गणित होतं, एका संख्येच्या चौथ्या भागात दोन मिळवले तर दहा होतात, तर ती संख्या कोणती?

मी गळ्यातून वाकून पाहिलं. अहो, हा तर बत्तीस छातीचा ब्लाउज! आईला विचारलं असतं तर तिने टाचण्यांतूनच उत्तर दिलं असतं.

ब्राह्मीचं उत्तर आधी अठ्ठेचाळीस आलं. तिने स्वतःच ताळा करून पाहिला, जमेना, खोडलं. मग अडतीस. तेही खोडलं. रडली-बिडली नाही, पेन्सिलीला टोक केलं आणि तिसऱ्यांदा बसली. दहातून दोन काढले. आठ लिहिले. आता एकच पायरी उरली होती.

तेवढ्यात बाईंची नजर त्या खाडाखोडीवर गेली. "सोड की गं. किती डोकं शिणवशील? मला पण यायचं न्हाई. आपल्यात न्हाईच ते." प्रेमानं म्हणाल्या, केसांवरून हात फिरवत. मला त्या हाताचाच जास्त राग आला.

वडील सुकुमार चहा पीत बसले होते. त्यांनी तर थेट धर्मच मधे आणला. "आपल्या आदिनाथ तीर्थंकरांच्या दोन लेकी. त्यांनी ब्राह्मीला अक्षरं दिली नि सुंदरीला अंक. आपण नाव ठेवलं ब्राह्मी. मग हिला अंक कुठनं येणार?" आणि स्वतःच्याच विनोदावर बशी सांडेपर्यंत हसले. अहो सुकुमारराव, त्या गोष्टीतल्या बापानं मुलीला जवळ बसवून अंक शिकवले होते. तुम्ही बारसं करून मोकळे झालात!

"पप्पा, सही?" ब्राह्मीनं विचारलं.

"कशाला उगंच? न्हाई जमलं तर तुलाच वाईट वाटंल."

ब्राह्मीनं वही मिटली. आठ तसाच राहिला.

त्याच दुपारी बनाबाई नावाच्या गिऱ्हाइकाच्या ब्लाउजची बाही उलटी लागली. तेव्हा म्हणाल्या का चंदनबालाबाई "सोड"? छे! उसवली, लावली, चुण्या पडल्या, पुन्हा उसवली. ब्राह्मीला शेजारी बसवून वर उपदेश केला, "चुकलं तर चुकलं. उसवायचं नि परत शिवायचं. त्यात काय एवढं?" खोटं कशाला बोलू, त्या क्षणी त्या गळ्याभोवती जरासं आवळावं असं माझ्या मनात आलं.

आता बाईंच्या गळ्यात नवा टेप आहे आणि मी ब्राह्मीकडे. ती परीक्षा तिच्याविना केव्हाच होऊन गेली. शाळेतून आली की ती ब्लाउज उसवते, माझ्यावर मापं घेते आणि माझा गेलेला इंच न थांबता वजा करते. तिच्या गणिताच्या वहीची पानं आईनं ब्लाउजच्या मापाचं पेपर कटिंग करायला घेतली. बाहीच्या आकाराचा एक कागद भिंतीला टांगलाय, त्याच्या कडेला तो आठ अजून दिसतो.

काल बनाबाई आल्या होत्या. म्हणाल्या, "पोर लय शांतपणानं काम करती की गं तुझी."

चंदनबालाबाई फुलल्या. "लय चिकाटी हाय तिला! चारदा उसवाय लावलं तरी कंटाळत न्हाई. उपजतच हाय ते."

माझे आकडे आता पुसट झालेत. आज ना उद्या चिंध्यांच्या पिशवीत जाईन. त्याआधी, बाई, एवढंच विचारतो. हीच चिकाटी त्या रविवारी आठ लिहून तुमच्या पायाशी बसली होती. तिला "सोड" कोण म्हणालं?