आळ आला चुलतभावावर

मी एक जुना जंतू आहे. मित्रांनो, दचकू नका. मी डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे दचकून उपयोगही नाही. मुळशीच्या गोजराबाईंच्या हिरडीत, दाताच्या मुळाशी माझा जन्म झाला. बाई सकाळ-संध्याकाळ दातांना भाजलेल्या तंबाखूची मिश्री लावायच्या. मिश्रीने हिरडी बधिर व्हायची, ठणका कळायचा नाही आणि आमची वस्ती वाढत राहायची.

माझा एक लांबचा चुलतभाऊ आहे. तो माणसांच्या जठरात राहतो. आम्ही एकमेकांना कधी पाहिलं नाही, पण दोघांच्या अंगातला सदरा एकाच ताग्यातला. त्यामुळे बाईंच्या रक्तात माझ्यासाठी जे पहारेकरी तयार झाले, ते त्यालाही चोर समजत.

यंदा, १९८९ साली, बाईंच्या पोटात आग पडू लागली. ती होती रिकाम्या पोटी गिळलेल्या मिश्रीची. शाळेत पुण्याच्या डॉक्टरांचं शिबिर भरलं, त्यांनी माझ्या भावाचा माग काढणाऱ्या नव्या तपासणीसाठी रक्त नेलं. तिथल्या नळीत माझ्या भावाचे तुकडे होते. पहारेकरी त्यांच्यावरच तुटून पडले! भाऊ बाईंच्या पोटात कधी उतरलाच नव्हता, तरी आळ त्याच्यावर. चोर सोडून संन्याशाला सुळी! मला काय, मी खुशीत होतो.

गोळ्या झाल्या. आमच्यातले बरेच मेले. मी मात्र दातावरच्या कीटणाखाली शाबूत राहिलो. आग थांबेना. दुसऱ्या तपासणीतही भावाचंच नाव निघालं, तेव्हा हा दुसराच कुणी भाऊबंद असेल अशी शंका येऊन डॉक्टर म्हणाले, "आजी, जरा तोंड उघडा बघू."

माझा जीव टांगणीला लागला. पण शेजारच्या बाकावर थोरले दीर कुशाबा बसले होते. त्यांच्यासमोर मिश्रीचे काळे दात दाखवायचे? बाईंनी पदर ओठांवर घट्ट ओढला.

"पोट दुखतंय माजं. तोंडाला काय झालंय?"

डॉक्टरांनी पुढच्या माणसाला हाक मारली. मी वाचलो.

त्याच आठवड्यात सून रंभाबाई म्हणाली, "आत्याबाई, घासाला रगत लागलंय. पोरीला चावून देऊ नगा."

"दात म्हातारं झालं, दुसरं काय? तुज्या नवऱ्याला बी मीच चावून घातलंय."

त्या घासातून मी नातीच्या तोंडात आलो. इथे कोवळे, पांढरे दात आहेत. ऊब आहे. मला बिलकूल घाई नाही.

पोरीला अजून बोलता येत नाही. मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी तिचं तोंड उघडून बघणार आहे का? नका बघू. माझी एवढी काळजी घ्या.