हाल्डिसने मला धुतलं तेव्हा

मी बिअर आंबवायचं लाकडी पिंप आहे. या घरचा मालक ओडमुंड, त्याच्या आजोबांनी पाइनच्या फळ्या तासून मला जोडलं, त्याला आता एकशे चार वर्षं झाली. नॉर्वेतल्या वॉसच्या या डोंगरउतारावर, धुराने काळ्या पडलेल्या भट्टीघरात मी उभा असतो. ख्रिसमस, लग्न, बारसं आणि मयत, एवढ्यासाठीच मला बाहेर काढत.

मला साबण लावायचा नाही, घासणी फिरवायची नाही. जुनिपर या सुवासिक झुडपाच्या फांद्या उकळून ते तपकिरी पाणी माझ्यात ओतायचं, निवू द्यायचं, मग मला पालथा घालून वाऱ्यावर वाळवायचं. शेवटी ओडमुंड डोकं आत घालून वास घेई. जंगलाचा वास आला की मी स्वच्छ.

माझ्या वर, भिंतीच्या खिळ्याला तागाचं एक पिवळट फडकं टांगलेलं असे. त्याच्यावरच्या खपल्या म्हणजे घरचं वाळवलेलं यीस्ट, बिअरचं विरजण. माल्टचं, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाचं, गोड पाणी हाताला सोसेल इतकं कोमट झालं की त्या आत सोडायच्या आणि सोडणाऱ्याने छाती भरून आरोळी द्यायची. आरोळी जेवढी मोठी, तेवढी बिअर जोरकस.

तीन वर्षांपूर्वी सप्टेंबरात डॉक्टरांनी ओडमुंडला सांगितलं, वसंत दिसणार नाही. इथे मयताला आलेल्यांना त्या घरचीच बिअर देतात. ओडमुंड म्हणाला, "माझी मीच करून जाणार. दुसऱ्याच्या विरजणावर मला पोचवू नका."

त्याची मुलगी हाल्डिस बर्गनच्या इस्पितळात नर्स. रजा काढून आली. एका दुपारी वडील झोपले असताना तिने बाह्या सरसावल्या, क्लोरीनचं पाणी केलं, तारेच्या घासणीने मला तळापर्यंत खरवडलं. फडकंही उकळून काढलं. इतक्या मायेने मला कुणी धुतलं नव्हतं. तिला थांबवायला मला तोंड नव्हतं.

ओडमुंड काठी टेकत आला. त्याने डोकं आत घातलं आणि लगेच बाहेर काढलं.

"फडकं कुठाय?"

"दोरीवर वाळतंय. केवढी घाण होती बाबा त्यात. तीनदा उकळलं."

अंगणातल्या दोरीवर ते पांढरंशुभ्र हलत होतं. त्याने त्याची कड दोन बोटांत धरून पाहिली.

"छान निघालंय," म्हणाला आणि ओंडक्यावर बसला. मग हळूच सांगितलं, ती घाण नव्हती.

हाल्डिसने घासणी खाली ठेवली. मग चालत शेजारच्या श्यूरकाकाकडे गेली. तो आला, त्यानेही माझा वास घेतला.

"तुमच्या इस्पितळातलं ऑपरेशन करता येईल यात," तो म्हणाला. "बिअर नाही. लाकडाने सगळं क्लोरीन पिऊन टाकलंय."

"आणि विरजण, काका?"

"अकरा वर्षांपूर्वी माझं आंबट झालं होतं. तेव्हा तुझ्या बापाने मुरांब्याच्या बाटलीतून आणून दिलं. वर आठ दिवस ऐकवलं, की श्यूरला साधं विरजण सांभाळता येत नाही." त्याने खिशातून छोटी बरणी काढली. तळाला पिवळट खपल्या होत्या. "सांभाळलंय म्हणून सांग त्याला."

बिअर श्यूरच्या पांढऱ्या प्लॅस्टिकच्या पिंपात लागली; तेही हाल्डिसनेच धुतलं होतं. मी बाजूला पालथा होतो. हाल्डिसने खपल्या सोडल्या, तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. तेवढ्यात वरच्या खिडकीतून आरोळी आली. ओडमुंडची. दरीपलीकडचं कुत्रं भुंकायला लागलं.

तिसऱ्या दिवशी तिने पेला त्याच्या ओठांना लावला.

"आपलीच आहे," तो म्हणाला. मग श्यूरकडे बघून, "तुझ्याकडे एवढी बरी कधी झाली नाही."

"या खेपेला पिंप तुझ्या मुलीने धुतलं होतं ना," श्यूर म्हणाला.

ओडमुंड खोकला येईपर्यंत हसला. हाल्डिस हसता हसता रडली.

नोव्हेंबरात तो गेला. आलेल्या सगळ्यांना ती बिअर पुरली.

आता घर बंद असतं. दर ऑक्टोबरात हाल्डिस येते, जुनिपर उकळते, माझ्यात ओतते, दुसऱ्या दिवशी डोकं घालून वास घेते. "अजून नाही," म्हणते आणि मला पालथा घालते. खिळ्याला फडकं पुन्हा टांगलंय. त्यावर श्यूरकडून आणलेल्या खपल्या धरल्या आहेत.

कुणाच्या घरातलं जुनं काही धुवायला घ्याल, तर आधी वास घ्या आणि घरातल्या माणसाला विचारा. माझं एवढंच मागणं आहे.

या ऑक्टोबरात तिने डोकं आत घातलं ते बराच वेळ काढलंच नाही. "अजून नाही" म्हणाली नाही. माझ्या फळ्यांना तिचा श्वास लागत होता. मग माझ्या रिकाम्या पोटात, अगदी हळू, तिने ती राहिलेली आरोळी दिली.