पुड्यातला धूर

थापाड्या कोण, हे धुळ्यापासून जळगावपर्यंत कुणालाही विचारा, पुनानानाचं, म्हणजे माझंच नाव निघेल. पण पार्वतावहिनीच्या कोऱ्या चहाबद्दल मी फार वाढवून सांगत नाही. त्याच्या वासाने एकदा बोदवड स्टेशनावर गार्ड झेंडी दाखवायची विसरला आणि गाडी ताटकळली, एवढंच. आमचं गाव बोदवडपासून लांब आहे खरं, पण त्या दिवशी वारा तिकडे वाहत होता.

वहिनीची रीत साधी. चहाची पत्ती फडक्यात सैल बांधून चुलीवर टांगायची. खाली कपाशीच्या ओलसर पऱ्हाट्या धुमसत असायच्या. पत्ती धूर पीत बसायची. दूध नाही, नुसता गुळाचा खडा. पहिल्या घोटाला घशात शेकोटी पेटायची, मग हळूच गोड. तिचा नवरा आधार, माझा लहानपणापासूनचा दोस्त, बशी दोन्ही हातांनी धरून डोळे मिटून प्यायचा. बायकोचं कौतुक त्याच्या तोंडून कधी निघालं नाही. पण बशी चाटूनपुसून रिकामी व्हायची, आणि वहिनी ती रिकामी बशी बघत राहायची.

मग तिला धाप लागू लागली. जळगावच्या डॉक्टरने छातीचा फोटो बघून विचारलं, "आजी, बिड्या किती ओढता?"

"अहो, मी मिसरीसुद्धा लावत नाही!"

जन्मभराचा धूर होता तो. डॉक्टर म्हणाला, पुन्हा चुलीपुढे बसलात तर पुढचा हिवाळा दिसणार नाही.

मुलगा रवींद्र गॅस घेऊन आला. गॅसवरचा चहा आधार निमूट प्यायचा आणि अर्धा ठेवून उठायचा. वहिनीने ते काही दिवस सोसलं. एका सकाळी तो शेतात गेलेला बघून तिने चूल पेटवली. मी गेलो तेव्हा ती उंबऱ्याशी बसून पाण्याबाहेर काढलेल्या मासळीसारखी तोंडाची उघडझाप करत होती. ओठ जांभळे.

दवाखान्यातून परतली ती ऑक्सिजनचं मशीन घेऊनच. रवींद्रने चूल फोडून टाकली. नाकात नळी असतानाच वहिनी म्हणाली, "फोड बापा. तीन दगड कोठेबी भेटतस."

आधार बाहेर येऊन माझ्यापाशी बसला. "ही मरी जाई रे पुना. चहापायी मरी जाई."

जळगावात मेहरूणला माझी नात मेघा राहते. तिने मोबाईलवर शोधून एक काळा पुडा मागवला. मी तो आधारच्या हातात दिला. "धुरावलेला चहा आहे. चीनमध्ये लोक पत्ती लाकडाच्या धुरावर वाळवतात."

कितीतरी दिवसांनी तो हसला. "तू सांगस ना, मग खोटंच ऱ्हाई!"

जन्मात एक खरी गोष्ट सांगितली, ती अशी वाया गेली.

तरी त्याने गॅसवर आधण ठेवलं. वहिनी खाटेवरून बघत होती. मशीन घरघरत होतं. मी घोट घेतला. रस्त्याचं डांबर वितळवून त्यात गूळ टाकावा तसं लागलं. आधारचा जबडा आवळला, पण तो थांबला नाही. सगळा कप संपवला.

"खरं सांगा," वहिनी म्हणाली. दोन शब्दांमध्ये तिला श्वास घ्यावा लागत होता. "चहा कोना चांगला शे? मना, का पुडाना?"

तिचा चहा चांगला की पुड्यातला, यावर माझ्याकडे गोल गोल उत्तरं डझनाने होती. मी तोंड उघडलं, तर आधारने हात वर करून मला थांबवलं. जामनेरच्या बाजारात स्वतःच्या बैलाची खोड गिऱ्हाइकाला आधी सांगणारा माणूस हा. त्याने नळीकडे बघितलं, मशीनकडे बघितलं.

"पुडाना," तो म्हणाला.

"बराच चांगला?"

"बराच."

वहिनीने भिंतीकडे तोंड केलं. तीन दगडांचं नाव तिने पुन्हा काढलं नाही. चहाचंही नाही, मी कप पुढे केला की नुसता हात हलवते.

हिवाळा सरला. ती आहे. आधार सकाळ-संध्याकाळ खाटेला टेकून बसतो आणि तिला ऐकू जाईल असे भुरके मारत ते डांबर पितो. मग गोठ्यामागे जातो आणि तोंड धुऊन परततो. काय करायला, ते मी विचारत नाही.

आज सकाळी त्याने मोठ्याने दुसरा कप मागितला. वहिनी भिंतीकडेच बघत होती. मी ओतून दिला.