कियाफ्रेदोची साक्ष

खेचरांच्या बाजारात कियाफ्रेदोचा धंदा बुडवायला दुसऱ्या कोणाची गरज नव्हती, त्याचं स्वतःचं तोंड पुरेसं होतं. गिऱ्हाइकानं जनावराच्या पाठीवर हात ठेवायचा अवकाश, हा सांगून मोकळा, "डावा मागचा पाय आखडतो. उतारावर गुणाचं आहे, चढावर हट्ट करतं. आणि वय आठ सांगतायत ना, जरा दात बघा, बाराच्या खाली नाही." त्याचा बाप कपाळाला हात लावायचा. "अरे गाढवा, विकायला आलायस की पाद्र्यापुढे पापं कबूल करायला?" पण सवयीला औषध नसतं. पुढेपुढे खोऱ्यातली शहाणी माणसं खेचर दुसऱ्याचं घ्यायची आणि पारखायला कियाफ्रेदोला न्यायची. फायदा त्यांचा, पायपीट याची.

माझ्या मते असल्या माणसाला लढाईतून एकट्यालाच परत पाठवणं हा देवाचा खवचटपणा होता.

इटलीतल्या वराइता खोऱ्याच्या अगदी वरच्या टोकाला रुआता ही त्यांची वस्ती. दगडी घरं, खाली गोठा, वर माणसं. इथला पोरगा वयात आला की पिसाची टोपी घालून अल्पिनी पलटणीत जायचा; डोंगरी पायदळात दुसरीकडची माणसं घ्यायचेच नाहीत. एका खोऱ्याची पोरं एका तुकडीत, अशी रीत. त्यामुळे सार्जंट शेजारचा, आचारी मावसभाऊ, आणि सरकारनं उचलून नेलेली खेचरंही घरचीच निघायची. भांडणंसुद्धा गावची, बांधावरची. फार बरं वाटायचं त्यात. तुकडी कापली गेली तर एका दिवसात सगळं खोरं उघडं पडेल, हा हिशेब रोममध्ये बसलेल्या कोणी केला नव्हता, आणि रुआतातही कोणाला सुचला नव्हता.

बेचाळीसच्या उन्हाळ्यात त्यांना रशियाला नेलं. कॉकेशसच्या डोंगरात लढायचंय म्हणून दोर, खिळ्यांचे बूट, बर्फ फोडायच्या कुऱ्हाडी, सगळं लादून. आणि उतरवलं कुठे, तर डॉन नदीच्या काठी, जिथे चार दिवस चाललं तरी टेकाड दिसू नये. कियाफ्रेदोचा जिवाभावाचा दोस्त दाल्मात्सो खांद्यावर दोराचं वेटोळं घेऊन सूर्यफुलांच्या शेतात उभा राहिला आणि ओरडला, "सार्जंट, हा बांधू कशाला? सूर्यफुलाला?" सगळी तुकडी पोट धरधरून हसली होती. दाल्मात्सो असाच. मरणाच्या दारातही त्याला थट्टा सुचायची, आणि सुचलीही.

जानेवारीत माघार सुरू झाली. नदीकाठची फळी दोन्ही बाजूंनी फुटली होती आणि मधले अल्पिनी वेढ्यातून वाट काढत पश्चिमेला चालले होते. कियाफ्रेदोकडे एक खेचर आणि त्यामागे बर्फावरून घसरत जाणारी एक फळ्यांची गाडी होती, आणि गाडीवर पाय गारठून निकामी झालेला दाल्मात्सो. खेचरानं शक्य होतं तितकं ओढलं. मग एका खेड्याच्या तोंडाशी ते गुडघ्यावर बसलं आणि उठलंच नाही. कियाफ्रेदोनं मित्राला पाठीवर घेऊन पहिल्या घराचं दार ठोठावलं. आत एक म्हातारी होती. तिनं एक शब्दही न विचारता दाल्मात्सोला रशियन लोकांच्या त्या भल्यामोठ्या मातीच्या चुलीवर, जिथे ती माणसं झोपतात, तिथे चढवलं आणि अंगावर मेंढीचं कातडं टाकलं. बाहेर तोफा जवळ येत होत्या. कियाफ्रेदोचा पाय निघेना.

"जा की लेका," दाल्मात्सो वरून म्हणाला. "मला इथे चूल मिळालीय, बायको मिळालीय. तू काय खेचरासारखा उभा राहिलायस?"

हे दाल्मात्सोचे शेवटचे शब्द. म्हणजे कियाफ्रेदोनं ऐकलेले शेवटचे. कियाफ्रेदो माणसांच्या लोंढ्यात मिसळून वेढ्याबाहेर पडला. रुआतातून गेलेल्यांपैकी परत आला तो हा एवढाच.

आल्यावर तो घरोघरी गेला. जाणं भागच होतं, दुसरं होतंच कोण सांगायला? ज्यांना त्यानं पडताना पाहिलं होतं त्यांच्या आयांना त्यानं तसं सांगितलं; त्या रडल्या, दुखवट्याचे काळे कपडे चढवले आणि कामाला लागल्या. दाल्मात्सोच्या आईला, ओनोरिनाला, मात्र तो म्हणाला, "मावशी, मी त्याला जिवंत सोडला. उबेत होता. मला शिव्या घालत होता." ओनोरिनाला तेवढं पुरलं. तिनं मुलाची जुनी पिसाची टोपी खुंटीवरून काढली नाही, दाराला रात्री कडी घातली नाही आणि काळं नेसली नाही. युद्ध संपलं, रशियातून कैदी आले, यायचे थांबले, तरी तिचं आपलं तेच.

आता तिच्या घरात दुसरंही एक माणूस होतं, आणि त्याचा विचार कोणी करत नव्हतं. दाल्मात्सोची बायको देल्फिना. लग्न झालं आणि सुगीच्या आत नवरा लढाईवर गेला. तेव्हापासून ती सासूच्या गाई सांभाळत होती. लाकूड कापायच्या गिरणीतला बिआजो तिच्यावर जीव टाकून होता, आणि तिचाही त्याच्यावर जडला होता. सगळ्या खोऱ्याला ठाऊक होतं. ओनोरिनाला ठाऊक नसेल असं म्हणणारा मूर्ख. बिआजोला खिंडीपलीकडे, फ्रान्सच्या जंगलात काम मिळालं होतं. बर्फ वितळलं की जायचं. पण देल्फिना कागदोपत्री दाल्मात्सोची बायको होती. त्याला शेवटचं पाहणाऱ्यानं कोर्टात साक्ष दिली आणि कोर्टानं त्याला मृत ठरवलं, तरच तिची सुटका.

एका सकाळी ती कियाफ्रेदोच्या तबेल्यात आली. तो खेचराचा खूर तासत होता.

"तू त्याला मरताना पाहिलंस असं सांग," ती म्हणाली. आडवळण नाही की काही नाही.

"नाही पाहिलं."

"ते मलाही माहितीये. सांग म्हणतेय."

"देल्फिना, शपथ घ्यावी लागते तिथे."

"मग घे! खेचराचे दात मोजल्यासारखी तुझी शपथ. इथे माझं वय चाललंय, ते मोजतोयस का? धड ना मी नवऱ्याची, धड ना विधवा. मेलेल्यांच्या बायकांना निदान रडता तरी येतं." तिचा आवाज फुटला. "तो गोड माणूस होता रे. पण मला त्याचा चेहरा आठवायला आता फोटो बघावा लागतो."

कियाफ्रेदोनं खूर खाली ठेवला. इकडे आड, तिकडे विहीर. मेला म्हणावं तर खोटं. आणि खोटंही असं, की ज्यानं एका म्हातारीच्या दाराला कडी लागेल. न म्हणावं तर ही जिवंत बाई त्याच्या खरेपणाखाली गाडली जाणार.

"मी जे पाहिलं ते सगळं सांगीन," तो शेवटी म्हणाला. "सगळं. आजवर सांगितलं नाही तेही. पण आधी मावशीला सांगायला हवं."

दुपारी तो ओनोरिनाकडे गेला. ती गोठ्यात दूध काढत होती. तिनं मान वर केली नाही.

"मावशी, दाल्मात्सोचे पाय..."

"काय पाय?"

"काळे पडले होते."

दुधाची धार चालूच होती. "कुठवर?"

"गुडघ्याच्या वर."

"वास?"

 त्यानं होकाराची मान हलवली. ओनोरिनानं जन्मभर गुरं सांभाळली होती. सडलेल्या पायाचं पुढे काय होतं हे तिला कोणी समजावून द्यायची गरज नव्हती. बादली भरेपर्यंत ती दूध काढत राहिली. मग उठली, कंबर सरळ केली आणि त्याच्याकडे पाहिलं.

"बाजारात गिऱ्हाइकानं न विचारता खोड सांगतोस तू," ती म्हणाली. "आणि मला माझा पोरगा खोड लपवून विकलास."

"मावशी, तुमचा चेहरा बघून—"

"जा आता."

तो गेला. त्यानंतर रविवारी चर्चबाहेर ती त्याच्या समोरून गेली ती तोंड फिरवून. कियाफ्रेदोच्या जिवाला ते फार लागलं. आई लहानपणी गेल्यावर ओनोरिनानंच त्याला दाल्मात्सोच्या ताटात जेवू घातलं होतं.

कोर्टाचा दिवस आला. खाली शहरात जायला बस होती. देल्फिना आणि बिआजो पुढे बसले, कियाफ्रेदो मागे. बस सुटता सुटता ओनोरिना चढली. अंगावर चर्चचा चांगला पोशाख, काळा नव्हे, करडा. कोणाशी न बोलता ती ड्रायव्हरशेजारी बसली. देल्फिनाचं तोंड पांढरं पडलं. सासू अडवायला चाललीय, हे उघडच होतं. मीही तेच समजलो असतो.

न्यायाधीश तरुण होता आणि सर्दीनं बेजार. त्यानं कियाफ्रेदोला शपथ दिली आणि कियाफ्रेदोनं सगळं सांगितलं. गाडी, खेचर, म्हातारी, चूल. पाय काळे, तेही. देल्फिना खाली बघून रुमाल पिळत होती.

"म्हणजे तुम्ही निघालात तेव्हा तो घरात होता," न्यायाधीश म्हणाला. "उबेत. कोणाच्या तरी देखभालीखाली. बोलत होता."

"हो साहेब."

"मग तो जिवंत असू शकतो?"

बिआजो पुटपुटला, "नाही म्हण, नाही म्हण." कियाफ्रेदोला ते ऐकू आलं.  मग त्याच्यातला तो बाजारातला नतद्रष्ट उठून बसला.

"असू शकतो, साहेब."

देल्फिनाच्या घशातून बारीकसा आवाज आला. न्यायाधीशानं नाक पुसलं आणि लेखणी खाली ठेवली. "अशा परिस्थितीत मला हा अर्ज—"

"मला बोलायचंय," ओनोरिना उभी राहिली. "मी आई."

तिला पुढे बोलावलं, शपथ दिली. आवाज गोठ्यातला, रोजचा.

"साहेब, तो मेलाय. गेल्या उन्हाळ्यात आमच्याकडे बेर्गामोकडचा धार लावायचे दगड विकणारा आला होता. खुंटीवरची पिसाची टोपी बघून थांबला. म्हणाला, मीही अल्पिनी, मीही त्या घरात होतो. तुमचा मुलगा तीन दिवस तापात होता, मग गेला. म्हातारीनं आणि मी त्याला अंगणात पुरलं. त्यानं सांगितलं, चेहऱ्यावर रुमाल टाकला होता."

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"कोणती आई सांगेल?"

न्यायाधीशानं लेखणी उचलली. मग कियाफ्रेदोकडे वळला. "तुम्ही त्याच वस्तीत राहता. हा दगडवाला तुम्ही पाहिलात?"

गेल्या उन्हाळ्यात रुआताला कोणी दगडवाला फिरकलाच नव्हता. गवत कापायच्या दिवसांत सगळे वैतागले होते, विळ्यांना धार लावायला जुन्याच दगडांवर भागवावं लागलं म्हणून. कियाफ्रेदोनं ओनोरिनाकडे पाहिलं. ती त्याच्याकडे बघत नव्हती. तिचे हात मात्र एकमेकांत इतके घट्ट होते की बोटांची पेरं पांढरी झाली होती. आणि त्या क्षणी त्याला कळलं, की खोटं बोलायला किती बळ लागतं, आणि आपल्यापाशी ते आजवर कधीच नव्हतं.

"पाहिला, साहेब," तो म्हणाला. "उंच होता. एक डोळा तिरळा. मी त्याच्याकडून दोन दगड घेतले."

लेखणी चालू लागली.

परतीच्या बसमध्ये देल्फिना पुढच्या बाकावर बिआजोच्या खांद्यावर डोकं ठेवून हुंदके देत होती. आता तिला रडता येत होतं. ओनोरिना कियाफ्रेदोशेजारी येऊन बसली.  चढ सुरू झाला तसा रस्त्याकडेला बर्फ दिसू लागलं.

"तिरळा कशाला केलास त्याला?" तिनं विचारलं.

"खरा वाटावा म्हणून."

"हं." ती जरा हसल्यासारखी झाली. मग तिनं त्याच्या हातावर हात ठेवला. खरखरीत, गरम हात होता. पुढे कोणाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं ती म्हणाली, "कियाफ्रे, मी म्हातारी झाले. तो येईल तेव्हा मी नसले तर तू त्याला सांग. पोरीनं नाही, मीच त्याला मारला. तिच्यावर राग धरू नकोस म्हणावं."

"सांगेन, मावशी," कियाफ्रेदो म्हणाला.