विसावी सही

"सही मिळणार नाही." आईनं वही मिटून परत दिली. "त्या आजोबांना पोतं उलटवावं तसं उलटवलंस."

"आई, गेले होते ते. त्यांना काय कळणार?"

"कळायचं त्यांना नाही, तुला आहे."

वॉर्डात आईला मोठ्या सिस्टर म्हणत, लेकीला छोट्या सिस्टर. छोटीच्या बढतीच्या वहीत वीस कामं होती, सह्या एकोणीस. उरलं होतं ते गेलेल्या माणसाला पुसून, कपडे घालून घरच्यांच्या हवाली करण्याचं. हात तिचे सफाईदार होते. पण मोठ्या सिस्टरांची शिस्त अशी, की जे करायचं ते आधी त्या माणसाला सांगायचं: हात पुसते, कुशीवर वळवते. छोटीच्या तोंडून शब्द फुटत नसे. अर्जाची मुदत शनिवारपर्यंत होती, नाहीतर बढतीसाठी आणखी तीन वर्षं थांबायचं.

"तुझ्या हाताखालच्या किती पोरी वर गेल्या. एक तर मेट्रन झाली," बसथांब्यावर ती धुमसत म्हणाली. "दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच."

"मग अंधारानं जरा बाजूला सरकावं," आई म्हणाली आणि बस येतेय का ते बघू लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मोठ्या सिस्टर औषधांच्या ट्रॉलीपाशीच कोसळल्या. तासाभरात सगळं आटोपलं.

मेट्रनबाई धावत आल्या. डोळे सुजले होते. "तू बाहेर बस. आम्ही करतो सगळं."

"मी करते."

"बरं. वही दे इकडे. बाईंनी मला घडवलं, एवढं तरी करू दे."

"तुम्ही मला हे करताना कधी बघितलंय?"

"बघायचं काय त्यात, पोरी? तुझी तीन वर्षं वाचतील." त्यांनी खिशातलं पेन काढून सही केली, वही उशाशी ठेवली आणि डोळे पुसत निघून गेल्या.

सही झाली होती. काम व्हायचं होतं.

छोटीनं पडदा ओढला. कोमट पाण्यात फडकं पिळलं. आईचा उजवा हात उचलला, मनगटापर्यंत पुसला आणि थांबली. पडद्याबाहेर कुणीतरी खाट सरकवत होतं. भांड्यातलं पाणी गार होत गेलं.

"आई," ती म्हणाली, "मला भीती वाटायची गं. पहिल्या दिवसापासून. म्हणून घाई करायचे."