नऊ प्रश्नांचं पॅड

मित्रांनो, मी एक जुनं पॅड आहे. परीक्षेला जाताना तुम्ही काखेत मारून नेता ना, तेच हार्डबोर्डचं, वर स्टीलची क्लिप असलेलं. कुणीतरी मला एकदा ओल्या ओट्यावर ठेवलं, तेव्हापासून माझा एक कोपरा फुगला आहे.

कारखान्यात लाकडाचा भुसा दाबून माझी फळी झाली. एका मुलीने मला सात वर्षं परीक्षांना नेलं. मी गणितं पाहिली, निबंध पाहिले आणि खरं सांगायचं तर माझ्या पाठीवर बारीक अक्षरात लिहिलेली सूत्रंही पाहिली. पुढे ती मोठी झाली आणि मी कपाटामागे धूळ खात पडलो. वाटलं, संपलं आपलं! पण तिची आई दवाखान्यात नर्स होती. तिने मला पुसलं आणि कामावर नेलं.

तिथे या आईंना सगळे सिस्टर म्हणतात. त्यांच्या विभागात कॅन्सरचे पेशंट येतात, आरामखुर्चीत बसून सलाइनमधून औषध घेतात आणि संध्याकाळी घरी जातात. माझ्यावर प्रत्येकाचे दोन कागद असत. एक रक्ताच्या तपासणीचा आणि दुसरा नऊ प्रश्नांचा, पेन्सिलीने भरायचा. गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस उदास वाटलं? किती दिवस कशातच रस वाटला नाही? एकही दिवस नसेल तर शून्य, जवळजवळ रोज असेल तर तीन. मनाची विचारपूस करणारा साधा कागद होता तो. पण दिसायचा हुबेहूब प्रश्नपत्रिकेसारखा, आणि खाली मी, परीक्षेचं पॅड. तिथेच सगळा घोटाळा झाला.

खिडकीजवळच्या खुर्चीत एक निवृत्त मास्तर बसायचे. जन्मभर मुलांची कॉपी पकडलेला माणूस. त्यांनी पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं की हा पेपर आहे आणि यात नापास झालं की औषध बंद.

"सगळीकडे शून्य घाला," ते शेजारच्यांना हळूच सांगायचे. "रडगाणं लिहिलंत तर म्हणतील, यांना सोसत नाही, पाठवा घरी."

कुणी अडखळलं तर ते स्वतःचा कागद तिरका धरत. महिनोन्महिने माझ्यावरून नुसती शून्यं गेली. "आपल्याइतकी आनंदी माणसं जत्रेतसुद्धा सापडायची नाहीत," असं सिस्टर म्हणत, पण म्हणताना त्यांच्या कपाळाला आठी असे.

मास्तरांच्या शेजारी टेलरबाई बसत. कुणाची शिवण उसवलेली दिसली की त्यांना चैन पडत नसे. पहिल्या खेपेला त्यांनी सिस्टरचा फाटक्या खिशाचा एप्रन काढून घेतला आणि दुसऱ्या खेपेला शिवून आणला. पाचव्या खेपेपासून मात्र त्या गप्प झाल्या. डबा आला तसा परत जाऊ लागला. सोबतीला त्यांची धाकटी बहीण यायची. तिचा जीव तीळ तीळ तुटायचा, पण तोंडातून भलतंच निघायचं.

"ताई, असे हातपाय गाळून कसं चालेल? मन घट्ट कर की जरा!"

टेलरबाई मान डोलवत आणि नऊ शून्यं घालत.

उपचाराच्या बारा खेपा ठरल्या होत्या. आठव्या खेपेला त्या म्हणाल्या, "पुढच्या वेळी मी येणार नाही. बास झालं."

आवाजात राग नव्हता की रडू नव्हतं. म्हणूनच मला भीती वाटली. औषध लागू पडत होतं, गाठ लहान होत होती. आता सोडलं तर केलेलं सगळं मुसळ केरात जाणार होतं, आणि कदाचित टेलरबाईही हातच्या जाणार होत्या.

सिस्टरनी माझ्यावरचे दोन्ही कागद शेजारी शेजारी धरले. एकावर नऊ शून्यं. दुसऱ्यावर शरीरातल्या दाहाचा, म्हणजे आतल्या सुजेचा आकडा, तीन खेपा सारखा चढत गेलेला. त्या मला घेऊन तडक डॉक्टरीणबाईंच्या खोलीत शिरल्या.

"बाई, हा शून्यांचा कागद खोटं बोलतोय. दहा मिनिटं चला."

"बाहेर रांग बघितलीत का?"

"बघितली. रांग थांबेल," सिस्टर म्हणाल्या आणि जागच्या हलल्या नाहीत.

डॉक्टरीणबाई आल्या आणि स्टूल ओढून टेलरबाईंच्या समोर बसल्या.

"ताप आला की मशीनवर बसावंसं वाटतं का हो?"

"नाही."

"मग तो आळस म्हणायचा?"

"आळस कसला? ताप असतो तो."

"तसंच हे. आजार आणि उपचार, दोन्हींमुळे शरीरात दाह वाढू शकतो. त्याचे निरोप रक्तातून मेंदूपर्यंत पोचतात. मग भूक जाते, झोप बिघडते, कशाची हौस राहत नाही. काही जणांच्या उदासीत या दाहाचा वाटा असतो. सगळ्यांचं तसंच असतं असं नाही, आणि नुसत्या आकड्यावरून मन कळत नाही. म्हणून तर विचारतो आम्ही. खरं सांगितलं म्हणून औषध बंद होत नाही. उलट जास्तीची मदत मिळते."

धाकटीचा चेहरा उतरला. "म्हणजे मी हिला उगाच बोलत होते?"

"मला तरी कुठे ठाऊक होतं," टेलरबाई म्हणाल्या. "मला वाटायचं, माझंच मन नासकं."

सिस्टरनी माझ्यावर कोरा कागद लावला. टेलरबाईंनी पेन्सिल धरली, बराच वेळ नुसतीच धरली, आणि मग पहिल्या प्रश्नापुढे तीन लिहिलं. मी एवढ्या परीक्षा पाहिल्या, पण एक आकडा लिहायला इतकं धैर्य लागलेलं कधी पाहिलं नव्हतं.

दाह का वाढला याचा तपास झाला. मनाच्या डॉक्टरांनी त्यांच्याशी बोलायला सुरुवात केली, गोळ्याही दिल्या. जादूची कांडी काही फिरली नाही. नवव्या खेपेला त्या आल्या, पण भिंतीकडे तोंड करून बसल्या. दहाव्या खेपेला बहिणीने उपदेश केला नाही, नुसती शेजारी बसली. अकराव्या खेपेला डब्यातले चार घास पोटात गेले. सिस्टर मात्र दर खेपेला मला घेऊन पुढे उभ्या राहत, न चुकता, न कंटाळता.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी आजारी माणूस गप्प झालं असेल तर त्याला मन घट्ट करायला सांगू नका. तो काही मनाचा दुबळेपणा नसतो. शेजारी बसा, विचारा, उत्तर कडू असलं तरी ऐका आणि डॉक्टरांच्या कानावर घाला. 'बरं आहे' एवढ्यावर समाधान मानू नका. पुन्हा विचारा.

आज टेलरबाईंची बारावी खेप आहे. मघाशी मास्तरांनी सवयीने नऊ शून्यं घातली आणि मला परत करायला हात पुढे केला. तेवढ्यात टेलरबाईंनी विचारलं, "मास्तर, तुम्हाला झोप लागते का हो?"

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग म्हणाले, "खोडरबर आहे का कुणाकडे?"

मी आत्ता त्यांच्या मांडीवर आहे. तिसऱ्या प्रश्नापर्यंत खोडून झालं आहे. टेलरबाईंचं सलाइन केव्हाच संपलं, बहीण पिशवी घेऊन दारात उभी आहे, पण त्या अजून उठलेल्या नाहीत.