चौथ्या पायरीच्या आधी

स्वयंपाकघरात स्टीलचं झाकण फरशीवर पडलं, आणि पडून गप्प बसायचं सोडून गोल गोल फिरत राहिलं. दुपारचे तीन. सातपूरच्या त्या कॉलनीत तेवढा एकच आवाज. तृप्तीने मांडीवर झोपलेल्या लेकीच्या कानावर हात ठेवला आणि झाकण थांबेपर्यंत श्वास घेतला नाही.

"मांजर होतं," आतून सासूबाई कुजबुजल्या.

त्या घरात मांजर येत नसे. पण यशोधरा झोपली होती, म्हणून मांजर मान्य झालं.

चार वर्षांची यशू तीन ते पाच झोपते आणि तृप्तीचं उरलेलं सगळं आयुष्य त्या दोन तासांत मावतं. यशू झाली तेव्हा तिने नोकरी सोडली. आता या वेळात ती एक काम करते. वेबसाइट उभी करायला एक तयार सांगाडा असतो, त्याला फ्रेमवर्क म्हणतात. जगभरचे लोक मिळून तो फुकट बनवतात, आणि तो कसा वापरायचा याची पुस्तिका नेटवर ठेवतात. त्या पुस्तिकेतल्या बारीक चुका तृप्ती शोधते, गव्हातले खडे निवडावेत तशा. तिने याआधीही खडे दाखवले होते, पण दर वेळी कोणीतरी तो आधीच उचललेला असे.

या वेळचा खडा मात्र तिचा एकटीचा होता, आणि तोही नवशिक्यांसाठीच्या पहिल्याच पानावर. तिसरी पायरी: प्रकल्प तयार करा. चौथी: ब्राउझरमध्ये हा पत्ता उघडा. मधे सर्व्हर, म्हणजे ते पान पुरवणारा प्रोग्राम, चालू करावा लागतो, ते लिहायचंच राहून गेलेलं. सुचवलेली दुरुस्ती घेतली गेली की पुस्तिकेच्या साइटवर, हातभार लावणाऱ्यांच्या यादीत नाव लागतं. आणि उद्या अकराला मुलाखत होती. मागच्या मुलाखतीत साहेबांनी विचारलं होतं, "चार वर्षं काय केलंत?" तेव्हा ती पंख्याकडे बघत बसली होती. उद्या तिला ती यादी उघडून पुढे ठेवायची होती.

पण पुस्तिका सांभाळणारा नॉर्वेचा लार्स हटून बसला होता. त्याने लिहिलं होतं, "तीन वर्षांत कोणाची तक्रार नाही. एवढं सगळ्यांना कळतंच. एखादं नवखं माणूस इथे अडतं, हे मला दाखवा. आज तुमच्याकडच्या पाचला या आवृत्तीतल्या दुरुस्त्या बंद होतात. पुढची सहा महिन्यांनी."

नवखं माणूस कुठून आणावं म्हणून तृप्तीने मान वर केली. नवखं माणूस दारात उभं राहून झाकण पुसत होतं.

वत्सलाबाई एकतीस वर्षं दिंडोरीकडच्या एका वाडीवर अंगणवाडी सेविका होत्या. सूचना आली की ती अक्षरशः पाळायची, हा त्यांचा धर्म.

"आई, थोडा वेळ बसता? पुस्तिकेतलं मी मराठीत सांगेन तेवढंच करायचं. मी मदत करायची नाही."

"परीक्षा म्हण की." त्यांनी पदर खोचला, चष्मा लावला.

तृप्तीने लॅपटॉपवर फ्रेमवर्कच्या साइटचं अगदी कोरं खातं उघडून दिलं. खात्याने पहिलाच प्रश्न टाकला: नाव.

"कोणाचं? माझं की तुझं?"

तृप्तीने नुसतं स्क्रीनकडे बोट दाखवलं.

"अगं, बोल ना."

"मदत करायची नाहीये, आई."

अंगणवाडीच्या रजिस्टरात रकाना रिकामा ठेवत नाहीत. सांगण्यासारखं काही नसेल तर 'निरंक' लिहितात, म्हणजे तपासणीला आलेल्या बाई बोलत नाहीत. वत्सलाबाईंनी एका बोटाने इंग्रजी अक्षरांत लिहिलं, निरंक. प्रकल्पाचं नाव? निरंक. प्रकल्पाची माहिती? निरंक.

"बघ, एकही रकाना मोकळा नाही," त्या समाधानाने म्हणाल्या.

चौथी पायरी आली. त्यांनी पत्ता टाकला. पान उघडेना. पुन्हा टाकला. तिसऱ्यांदा एकेक अक्षर बोलून टाकला. तृप्तीने ओठ दाताखाली धरले होते.

शेवटी त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "पत्ता बरोबर आहे. पण घरात माणूस आहे का, ते कोणी बघितलंय? मी लसीकरणाला पोरं बोलवायला जायचे, तर आधी विचारायचे, माणसं घरी आहेत की शेतावर. हे पुस्तक कुलपाच्या घराची कडी वाजवायला लावतंय."

तृप्तीला त्यांना मिठी मारावीशी वाटली, पण मांडीवर यशू होती. तिने अडलेल्या पानाचा फोटो घेतला, सासूबाईंचं वाक्य जसंच्या तसं इंग्रजीत केलं आणि घाईघाईत त्याच खात्यावरून दुरुस्ती पाठवून दिली.

पावणेपाचला उत्तर आलं. "पटलं. दुरुस्ती घेतली. कुलपाच्या घराबद्दल विशेष आभार, निरंक."

तिने यादी उघडली. चारशे बारावं नाव, निरंक.

"आई, माझं नाव निरंक झालं."

"मी विचारलं होतं, कोणाचं लिहू. तू मुकी झालीस."

तेवढ्यात यशूने डोळे उघडले. "मम्मी, शू."

"चल, आजी नेते."

"मम्मीच."

बाथरूमच्या दाराशी उभं राहून, एका हाताने यशूची चड्डी आणि दुसऱ्याने फोन सांभाळत, तृप्तीने लार्सला लिहिलं, "निरंक हे माणूस नाही. आमच्याकडे रजिस्टरात 'इथे काही नाही' अशा अर्थाने ते लिहितात. चूक मी शोधली. माझं नाव तृप्ती गांगुर्डे."

पाचला चार मिनिटं असताना लार्सचं उत्तर आलं. "मग 'इथे काही नाही' असं लिहिणारं माणूस कोण?"

"सासूबाई. वत्सला गांगुर्डे."

"मम्मी, झालं," आतून आवाज.

"थांब हं, राणी. एकच मिनिट."

पाचला एक मिनिट असताना यादी बदलली. चारशे बारा, तृप्ती गांगुर्डे. चारशे तेरा, वत्सला गांगुर्डे.

"माझं कशाला?" वत्सलाबाई म्हणाल्या. "मला कुठे मुलाखत द्यायचीय?" मग जरा वाकून त्यांनी फोनचा पडदा न्याहाळला. "तुझं वर आहे."

"हो."

"तिकडे वय बघत नाहीत वाटतं."

तृप्ती खाली बसली. किती दिवसांनी ती आवाज न दाबता हसत होती. यशू ओल्या पायांनी मांडीवर चढली आणि यादीवरून बोट फिरवू लागली. बोटाखाली नावं सरकत राहिली, शंभर, दोनशे, न ओळखीची, न वाचता येणारी.

"हे कोण आहेत सगळे?"

"ज्यांनी ज्यांनी चुका दुरुस्त केल्या, ते."

"आणि तू कुठेय?"

तृप्तीने दाखवलं. यशूने त्या ओळीवर बोट ठेवलं, मग पुन्हा अगदी वरच्या पहिल्या नावापर्यंत गेली, आणि मान वळवून विचारलं, "मम्मी, यांच्यात आणखी मम्मी कोण कोण आहेत?"